कोण कोणास म्हणाले

३ ऑक्टोबर, मंगळवार

भिंगरी,

मायन्यापाशीच अडलो बघ. 'चिरंजीव' लिहिलं, खोडलं. 'प्रिय' लिहिलं, तर ते दुकानाच्या निरोपासारखं दिसायला लागलं: प्रिय, मग गाळलेली जागा, मग स्वल्पविराम. ती गाळलेली जागा गिऱ्हाइकाच्या नावाने भरायला दुकानातल्या मशीनला तूच शिकवलंस. शेवटी तुझ्या आईने ठेवलेलं हाकेचं नावच लिहिलं. घरात चष्म्याच्या भिंगांचा धंदा, आणि पोरीचा पाय एका जागी ठरत नाही, म्हणून भिंगरी. कवितेचं वेड मला, पण एका शब्दात दोन अर्थ बसवणं जमायचं ते तिला.

तुझं पाकीट मिळालं. आठ महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही फक्त पत्त्यावर. आत एकच छापील कागद. आई दवाखान्यात होती त्या काळात तिच्या नंबरवरून तुला गेलेले पंधरा निरोप, एकाखाली एक, क्रमांक घालून. आणि वर एक ओळ: "यातले जे खरोखर तिचे आहेत त्यांच्यापुढे खूण करून कागद परत पाठवा."

वर 'बाबा' नाही, खाली नाव नाही. पाठवणारीचा पत्ता आहे, एवढ्यावर मी समाधान मानलं.

पाकीट हातात घेऊन पायरीवर उभा होतो तर शेजारचा किल्लीवाला ओरडला, "मास्तर, फोडा की! बॉम्ब आहे का आत?"

(मी कुठल्याच शाळेत कधी शिकवलं नाही, पण कविता म्हणतो म्हणून त्याने मला मास्तर करून टाकलंय.)

मी म्हटलं, "प्रश्नपत्रिका आहे."

"मग कॉपी करा!" म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर कानस खाली ठेवून हसला. तो बिचारा काय जाणे.

पण प्रश्नपत्रिकाच आहे ही. 'खालील वाक्ये कोण कोणास म्हणाले ते लिहा.' आठवतो तो प्रश्न? माझा अगदी हातखंडा होता. वाक्य वाचलं की मला आवाज ऐकू यायचा. राजाचा, लाकूडतोड्याचा, त्याच्या बायकोचा. गुरुजी म्हणायचे, हा मुलगा डोळ्यांनी वाचतच नाही, कानांनी वाचतो. पैकीच्या पैकी गुण मिळवले त्यात. आता सत्तरी ओलांडल्यावर तोच प्रश्न पुढे आला आणि पेन चालत नाही.

थोडा वेळ दे. हल्ली जवळचं वाचायचा चष्मा सापडत नाही. चष्म्याच्या दुकानात राहून चष्मा सापडत नाही, हे तुझ्या आईला ऐकवायला हवं होतं. चार दिवस पुरली असती तिला ही गोष्ट.

तुझा,
बाबा

८ ऑक्टोबर, रविवार

भिंगरी,

चष्मा सापडला. कागदही वाचला. खूण अजून केली नाही.

आज रविवार, नऊ वाजले आणि उगाच दुकानात जाऊन बसलो. शटर अर्धं वर घेतलं. अक्षरांचा तक्ता अजून समोरच्या भिंतीवर आहे. तुझी आई ज्या स्टुलावर बसून लोकांना "आता स्पष्ट, की आता?" असं विचारायची, ते स्टूल तक्त्याकडे तोंड करून आहे. मी काउंटरच्या मागे माझ्या जागी बसलो. मला तू शिकवलेला तो आठवडा आठवला.

मी तेव्हा गिऱ्हाइकांना हाताने कार्डं लिहायचो. चष्म्याला वर्ष झालं की एक कार्ड, वर दोन ओळी माझ्या.

काच पुसोनी पुन्हा बघावे,
दूर दिसे ते जवळ दिसावे.

तू एक दिवस ते कार्डांचं खोकं पुढ्यात ओढलंस आणि म्हणालीस, "बाबा, महिन्याला वीस कार्डं लिहिता, आणि आठवण करायची असते दोनशे जणांना. हे बघा. यात कोड-बीड काही लिहायचं नाही. नुसते चौकोन ओढायचे आणि बाणांनी जोडायचे. हा 'जर'चा चौकोन, हा 'तर'चा."

मी म्हटलं, "हे तर वाक्यपृथक्करण झालं!"

"तुम्हाला काहीही दाखवा, त्यातून तुमची शाळाच निघते."

तुझी आई मागे भिंगं पुसत होती. तिच्याच्याने राहवलं नाही. "जर-तरच्या गोष्टी करण्यातच यांचा जन्म गेला. आता त्याचं मशीन मिळालं. बसा!"

आणि बसलो की मी! चष्म्याला वर्ष झालं तर निरोप जाऊ दे. उत्तर आलं तर वेळ ठरवून दे. नाही आलं तर पंधरा दिवस थांब आणि पुन्हा हळूच आठवण कर. तू त्याला 'फ्लो' म्हणायचीस, मी 'ओघ'. निरोप आईच्याच नंबरवरून जायचे, कारण लोकांकडे दुकानाचा म्हणून तोच होता. एकच गोष्ट अडली होती, आठवतं? 'आपण आला नाहीत' लिहावं तर बायका रागावणार, 'आल्या नाहीत' लिहावं तर बुवा. तू म्हणालीस, "मशीनला कळत नाही बाबा, समोर बाई आहे की बुवा. क्रियापदाला लिंगच नको." मग मी चार दिवस बसून साठ निरोप लिहिले, 'आपली वाट पाहत आहोत', 'आपली आठवण झाली', एकातही बाई-बुवा नाही. पाठ थोपटलीस तू माझी. कधी नाही ती बापाची पाठ लेकीने थोपटली.

तेच काम बघून तुला त्या लांबच्या कंपनीने बोलावलं. आईच्या मनात होतं की तू तिच्या स्टुलावर बसावंस. तिने ते कधी सरळ सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. दारात बॅग उचललीस तेव्हा ती म्हणाली, "जा. आता येशील तेव्हा पाहुणी म्हणून ये." मी मध्ये उभा होतो. एखादं वाक्य माझ्याकडे असायला हवं होतं. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या कविता पाठ केल्या, त्या वेळेला एक ओळ सुचली नाही.

त्यानंतर दोन वर्षं, दर रविवारी नऊला, तिचा तुला एक निरोप. "आम्ही ठीक. कानाला बांधून जात जा." एकच. तुझं उत्तर यायचं, ते ती वाचायची, पण त्यावर परत काही लिहायची नाही. फोन तर नाहीच. दोघी एकाच मातीच्या.

मग ती दवाखान्यात गेली. पहिला रविवार आला. हात थरथरत होते, सलाईन लावलेलं. मी म्हटलं, भिंगरीला बोलावू का? म्हणाली, "बरी झाल्यावर सांगू. आत्ता सांगितलंत तर खरंच पाहुण्यासारखी येईल, सफरचंदं घेऊन." मी म्हटलं, निदान रविवारचा निरोप? तिने भिंतीकडे तोंड केलं. "काय ते करा."

मी दुकानात आलो आणि चौकोन ओढला. जर रविवार, जर सकाळचे नऊ, तर भिंगरीला निरोप. मग दर शनिवारी येऊन त्या चौकोनातलं जुनं वाक्य पुसायचं आणि नवं लिहायचं.

आता तूच सांग, त्याला काय म्हणावं? शब्द तिचेच होते. 'कानाला बांध' तिचं. 'उपाशी राहून काम करू नकोस' तिचं. पन्नास वर्षं ऐकलेल्या आवाजातली वाक्यं मी फक्त उतरवली.

मला माहीत आहे तुला कुठल्या क्रमांकाची खूण हवी आहे. बारा. "येशील तेव्हा पाहुणी म्हणून येऊ नकोस. स्टूल तुझंच आहे, बसली नाहीस तरी." त्यावर तू जे लिहिलं होतंस ते मी वाचलंय.

काल पेन घेऊन त्या ओळीपाशी गेलो होतो. टोक टेकलं. बारा आकड्याच्या डावीकडे शाईचा एक ठिपका पडलाय. कागद पोहोचेल तेव्हा तो दिसेल तुला. ती खूण समजू नकोस.

बाबा

१६ ऑक्टोबर, सोमवार

भिंगरी,

काल तुझा निरोप आला. तो समोर ठेवून लिहितोय, म्हणजे पळवाट राहणार नाही.

"बाबा, पत्रं मिळाली. शाळा पुरे झाली. दुकानाचं खातं मी ३१ला बंद करतेय, मग आतलं सगळं पुसलं जाईल. तिथे 'इतिहास' म्हणून एक पान आहे. कुठला निरोप कधी गेला ते सगळं त्यात असतं. मला इथूनही उघडता येतं. मी उघडणार नाही. मला ते तुमच्या तोंडून हवंय."

बरोबर आहे तुझं. गेल्या दोन पत्रांत मी निबंध लिहिले आणि प्रश्न तसाच सोडला.

तू आलीस त्या सोमवारचं आधी लिहितो. आई शनिवारी गेली, तू सोमवारी पोहोचलीस. रडली नाहीस. दुकान बंद असल्याचं लोकांना कळवते म्हणून कॉम्प्युटरपाशी बसलीस. तिथे तुला 'रविवार' नावाचा चौकोन दिसला, आणि चौकोनात तुझं नाव. तू विचारलंस, "हे काय आहे?" मी म्हणालो, "जुनं काहीतरी." तू म्हणालीस, "कधीपासून?" संध्याकाळी निघताना दारातून विचारलंस, "त्यातलं तिचं कुठलं?"

आणि मी म्हणालो, "चहा घेतेस का?"

त्या वाक्याची मला इतकी लाज वाटते की दुसऱ्या कशाची वाटत नाही. तुझ्यामागे दार लागलं, मी भिंगं पुसायचा पिवळा कपडा कॉम्प्युटरवर टाकला, तो आजतागायत तिथे आहे.

उत्तर देतो. तिचं त्यातलं काही नाही.

तिने एकही निरोप सांगितला नाही, एकही मंजूर केला नाही. तो दुसरा शब्द मी मुद्दाम लिहिला, कारण मी स्वतःला सांगत आलो की तिने 'काय ते करा' म्हणून मंजुरी दिली होती. तिने नुसती पाठ फिरवली होती. बारा क्रमांकाचं वाक्य मी दुकानात, तिच्या स्टुलावर बसून लिहिलं. ती तसं कधी बोलली नाही. तिने तसं बोलावं अशी मी वाट पाहत होतो, आणि दिवस संपत चालले होते.

आता याहून वाईट आहे ते. सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर घेतलं. म्हणाल्या, "आजोबा, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. थांबू नका." तेव्हा तुला फोन करायला हवा होता. त्याच दिवशी. आईच्या रागाचा, तुझ्या नोकरीचा, कशाचाही आडोसा मला तिथून पुढे नाही.

का नाही केला? कारण त्या रविवारी तुझं उत्तर आलं होतं. दोन वर्षं तू तिला 'बरं' आणि 'हो' एवढंच लिहायचीस. आणि माझ्या त्या वाक्यांना तू पानभर उत्तरं द्यायला लागलीस. खिडकीतून काय दिसतं, कामावर कोण छळतं, पोळी करपते कशी. दोघींचं बोलणं सुरू झालं होतं, भिंगरे, आणि त्यातली एक मी होतो. मला ते लिहायला आवडू लागलं होतं. शनिवारची मी वाट पाहायचो. उभ्या जन्मात कवितेच्या दोन ओळींपलीकडे काही लिहिलं नाही, आणि आता एक वाचक मिळाला होता. तुला बोलावलं असतं तर ते थांबलं असतं.



एक चूक मात्र तुझ्या लक्षात आली नाही, ती मीच दाखवतो. क्रमांक आठ. "आज उन्हात बसलो होतो. छान वाटलं." साठ निरोपांत एक लिंग चुकू दिलं नाही मी, आणि इथे हातून निसटलं. तुझ्या आईने लिहिलं असतं तर 'बसले होते'. बसलो होतो तो मी. एकटाच, दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याला पंधरा दिवस झाले होते. तिथून दुकानात आलो आणि जे डोळ्यांपुढे होतं ते चौकोनात लिहिलं. चुकून आपलं स्वतःचं.

तुला ते अनेकवचन वाटलं. तू उत्तर दिलंस, "दोघं? खरंच? बाबा आणि तू शेजारी शेजारी?? फोटो पाठव!" एका 'लो'ने माझी चोरी झाकली. व्याकरणाने मला आजवर इतकं कधी सांभाळून घेतलं नव्हतं.

तेव्हा कागद कोराच येईल. पण नुसत्या माझ्या शब्दावर नको. माझ्या शब्दाला आता किंमत नाही. कपडा काढतो, तुझं ते इतिहासाचं पान उघडतो, तारखा उतरवतो आणि कागदामागे लिहून पाठवतो. मग तुझ्याकडे पुरावा राहील.

बाबा

२३ ऑक्टोबर, सोमवार

भिंगरी,

कॉम्प्युटर सुरूच होईना. किल्लीवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, "मास्तर, मी कुलपं उघडतो, हे माझं खातं नाही." तरी आला. भिंतीतली वायर ढिली होती, ती दाबली. जाताना आईच्या स्टुलाकडे बघून म्हणाला, "बाईंनी माझा नंबर चोख काढला होता. अजून तोच चालतो." आणि नाक ओढत गेला.

पान उघडलं. 'रविवार' या नावाखाली तारखा आणि वेळा, आणि पुढे त्या दिवशी गेलेलं वाक्य. सकाळी नऊ. सकाळी नऊ. सकाळी नऊ. एकदा नऊ वाजून एक मिनिट. तुझ्या कागदाशी एकेक ताडत गेलो.

इतिहासात चौदा आहेत. कागदावर पंधरा.

पुन्हा मोजले. बोट लावून, पहिलीतल्या मुलासारखे. चौदाच.

जो नाही तो क्रमांक नऊ. "हो दोघ". एवढंच आहे ते. त्याच्यापुढे तू कंसात छापलंयस, 'मशीन अडखळलं?' मीही आजवर तेच समजत होतो. दुकानाच्या कॉम्प्युटरवर मला तुझी उत्तरं दिसायची, आईच्या फोनवरून लिहिलेलं दिसत नसे; म्हणून तुझ्या कागदावर बघेपर्यंत तो निरोप मला माहीतच नव्हता, आणि बघितल्यावरही वाटलं, यंत्राचा काहीतरी घोळ.

कागदावर त्याची वेळ आहे. गुरुवार, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं.

गुरुवारी माझा चौकोन चालत नव्हता. आज एवढंच कळवतो. मला जरा आठवू दे. यावेळी खरंच आठवायचंय, टाळत नाही.

बाबा

२६ ऑक्टोबर, गुरुवार

भिंगरी,

आठवलं. तीन दिवस लागले, कारण मी तो दिवस 'आईचा हट्ट' या नावाने ठेवला होता आणि शोधत होतो दुसऱ्याच नावाखाली.

त्या गुरुवारी सकाळी तिने मला म्हटलं, "अहो, माझा चष्मा द्या." बरेच दिवस तिने चष्मा मागितला नव्हता. दिला. नाकावर नीट बसेना, चेहरा उतरला होता ना. मी दांड्या जरा आत वळवून दिल्या. मग म्हणाली, "मला उन्हात न्या."

मी म्हटलं, "बाहेर गार आहे. सर्दी झाली तर?"

"सर्दी!" म्हणाली. "आता सर्दीला भिऊ होय मी?"

सिस्टर आली. तीही म्हणाली, आजी, आज नको, उद्या बघू. तुझ्या आईने तिला गिऱ्हाइकाकडे बघायची त्या नजरेने पाहिलं आणि म्हणाली, "उद्याचं तू बघ. मला आज पाहिजे." चाकांची खुर्ची आली. सलाईनची बाटली मी हातात धरली. मजल्याच्या टोकाला गच्ची आहे, तिथे चादरी वाळत घातलेल्या असतात. दोन चादरींच्या मधल्या फटीत ऊन होतं, तेवढ्यात तिची खुर्ची लावली. मी बाटली धरून मागे उभा.

म्हणाली, "बसा."

"कुठे बसू? इथे काही नाही."

"ती बादली पालथी घाला. बसा. मागे नाही, इथे. शेजारी."

बसलो. बाटलीचा हात वर ठेवून. बऱ्याच दिवसांनी तिच्या इतक्या जवळ बसलो होतो, आणि मला आपली कविता आठवायला लागली, चौथीच्या पुस्तकातली, उन्हाची. मी चालीवर म्हणायला लागलो. एक कडवं झालं असेल.

"मास्तर," ती म्हणाली. किल्लीवाल्याचं ते नाव तिने जन्मात कधी वापरलं नव्हतं. "जरा गप्प बसता का? नुसतं बसायचंय."

मी गप्प बसलो. डोळे मिटले. ऊन पापण्यांतून लाल दिसत होतं.

मग म्हणाली, "माझा फोन द्या."

"कुणाला करायचाय?"

"वेळ बघायचीय."

फोन तिच्या उशाखालीच असायचा, येताना मी खिशात घातला होता. मी दिला आणि पुन्हा डोळे मिटले. ती बराच वेळ वेळ बघत होती. मला वाटलं, आकडे दिसत नसतील. विचारणार होतो. तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन आली, "चला आजी, पुरे झालं," आणि तुझ्या आईने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

एवढाच प्रसंग. मी आठ महिने तो तिचा शेवटचा हट्ट म्हणून सांभाळला. फोन तिच्या उशाखाली होता याचा अर्थ आज कळला, भिंगरी. तुझी पानभर उत्तरं तिच्या उशाखाली येत होती. माझी वाक्यं तिच्याच नावाने तिच्याच फोनमधून निघताना तिला दिसत असणार, त्या दिवसापर्यंतची आठही. एका शब्दाने बोलली नाही मला. रागावली का, हसली का, मला ठाऊक नाही, आणि यापुढे मी तिच्या वतीने काही सांगणार नाही. त्याची हौस फिटली माझी.

पण एवढं ठाऊक आहे. रविवारी माझं खोटं गेलं की आम्ही उन्हात बसलो. तू विचारलंस, "दोघं? खरंच?" तुझ्या उत्तरावर परत लिहायची तिची रीत नव्हती. चार दिवस तो प्रश्न तिच्याजवळ होता. 'नाही' लिहिलं असतं तर मी उघडा पडलो असतो. नुसतं 'हो' लिहिलं असतं तर तीही माझ्यासारखी झाली असती. खोटं बोलणं तिला जमायचं नाही. आठवतं ना, गिऱ्हाइकाला फ्रेम शोभत नसेल तर तोंडावर सांगायची. म्हणून आधी चष्मा मागितला. मग ऊन मागितलं. मग मला शेजारी बसवलं.

'दोघं'वरचा अनुस्वार राहिला. सिस्टर आली म्हणून, नाहीतर हात थरथरला म्हणून. एरवी अनुस्वार सोडणारी बाई नव्हती ती.

कागद सोबत पाठवतोय. मागे चौदा तारखा उतरवल्या आहेत, तुला ताडून बघता येतील. पुढच्या बाजूला चौदा वाक्यांसमोर काही नाही, बारासमोरही नाही; तिथला तो शाईचा ठिपका मी खोडलेला नाही, तो माझा आहे. तुला हवं होतं ते वाक्य तिने तुला दिलं नाही. मला ते तिच्याकडून आणता आलं नाही, म्हणून मी बनवलं. आणि तुला फोन करायचा तो केला नाही. माफी मागायला मायना लागतो, तो मला अजून सापडलेला नाही.

खूण एकच आहे. नुसती खूण करून भागेना, म्हणून शाळेत लिहायचो तसं समासात पूर्ण उत्तर लिहिलंय. शाळा पुरे म्हणालीस, पण हे एवढं चालवून घे.

क्रमांक ९. "हो दोघ"
कोण म्हणाले: तुझी आई.
कोणास म्हणाले: तुला.
केव्हा म्हणाले: ते खरं करून झाल्यावर.